बुकर एक नाही, दोन आहेत राव

तो मेसेज परत फिरायला लागलाय. ज्यांना अजून आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो: बुकर हा साहित्य पुरस्कार ब्रिटिश सरकार देतं, तो फक्त कॉमनवेल्थ (ब्रिटन आणि त्याच्या बहुतेक जुन्या वसाहती) देशांतल्या लेखकांना मिळतो, १९९७ ला अरुंधती रॉय यांना (त्या पहिल्या भारतीय) जो मिळाला तोच २०२५ ला बानू मुश्ताक यांना मिळाला, तो आयुष्यभराच्या लेखनासाठी असतो, आणि शेवटी टोमणा की 'इंग्रजीत लिहा, नाहीतर साहेब विचारत नाही'. खाली हात जोडलेला इमोजी, म्हणजे विषय संपला.

सरकारपासून सुरू करू. सरकारचा इथे काडीचा संबंध नाही, बुकर हे एका कंपनीचं नाव. बुकर मॅकॉनेल. दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गयाना ह्या वसाहतीत ह्यांचे उसाचे मळे, साखर कारखाने, दुकानं, जहाजं, इतका पसारा की लोक म्हणायचे बी.जी. म्हणजे ब्रिटिश गयाना नव्हे, बुकर्स गयाना. ह्याच कंपनीने १९६० च्या दशकात लेखकांचे कॉपीराइट विकत घ्यायचा धंदा काढला, त्यात जेम्स बाँडवाले इयान फ्लेमिंगही आले, आणि मग टॉम मॅश्लर नावाच्या प्रकाशकाने गळ घातली की फ्रान्सच्या गाँकूर ह्या साहित्य पुरस्कारासारखं काहीतरी आपल्याकडेही करा. १९६९ ला पहिला बुकर पी. एच. न्यूबी यांना मिळाला, रक्कम ५,००० पाउंड. २००२ पासून मॅन ग्रुप ही गुंतवणूक कंपनी प्रायोजक म्हणून मधली बरीच वर्षं 'मॅन बुकर', आणि २०१९ पासून क्रँकस्टार्ट नावाची संस्था पैसे देते.

सरकारी पुरस्कार समजणाऱ्यांनी १९७२ चा प्रसंग जरूर बघावा. जॉन बर्जर यांना 'जी.' ह्या कादंबरीसाठी बुकर मिळाला, ते उभे राहिले आणि ज्यांनी चेक दिला त्यांनाच भर समारंभात सुनावलं, की तुमचा पैसा कॅरिबियनमधल्या एकशेतीसहून जास्त वर्षांच्या धंद्यातून आलाय आणि तिथली आजची गरिबी त्याचाच परिणाम आहे. मग अर्धी रक्कम ब्रिटिश ब्लॅक पँथर्स ह्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेला दिली, उरलेली अर्धी स्थलांतरित मजुरांवरच्या स्वतःच्या पुस्तकासाठी ठेवली. नकार देऊन घरी बसणं सोपं होतं, ह्या माणसाने साखरेचा पैसा घेऊन तो साखरेच्याच विरोधात लावला. मला हे फार आवडतं.

कॉमनवेल्थचं म्हणाल तर ते एकेकाळी जवळपास बरोबर होतं (आयर्लंड वगैरे धरून). पण २०१४ ला अट गेली. आता लेखक कुठल्याही देशाचा चालतो, कादंबरी मूळ इंग्रजीत हवी आणि ब्रिटन किंवा आयर्लंडमधे प्रकाशित झालेली हवी. २०१६ ला पॉल बीटी, २०१७ ला जॉर्ज सॉन्डर्स, लागोपाठ दोन अमेरिकन, त्यावरून तिकडे चिकार बोंबाबोंब झाली. मेसेज लिहिणारा २०१३ मधेच अडकलाय.

रॉय पहिल्या भारतीय, हे चालवून घेऊ. रश्दी १९८१ चे विजेते आणि जन्म मुंबईचा, पण नागरिक ब्रिटनचे. नायपॉल १९७१ चे, पण जन्म त्रिनिदादचा. नंतर किरण देसाई २००६ आणि अरविंद अडिगा २००८.

आता खरा घोळ. रॉय यांचा पुरस्कार आणि मुश्ताक यांचा पुरस्कार हे दोन वेगळे आहेत, नाव सारखं, संस्था सारखी, रक्कमही सारखी ५०,००० पाउंड, म्हणून लोक गल्लत करतात. मुश्ताक यांना मिळाला तो इंटरनॅशनल बुकर, आणि त्याची अट बरोब्बर उलटी: पुस्तक मूळ इंग्रजीत नसलंच पाहिजे, भाषांतरित हवं. म्हणजे तो शेवटचा टोमणा मेसेजमधल्याच उदाहरणाने मोडतो, बाई कन्नडमधे लिहितात हो! २०२२ ला गीतांजली श्री यांना मिळाला तो 'रेत समाधि'साठी, ती हिंदी. आयुष्यभराच्या लेखनाची गोष्टसुद्धा ह्याच पुरस्काराची, पण जुनी. २००५ ला तो सुरू झाला तेव्हा दर दोन वर्षांनी एका लेखकाच्या एकूण कामासाठी असायचा, पहिले इस्माइल कादारे, मग अचेबे, अॅलिस मन्रो वगैरे. २०१६ पासून दरवर्षी आणि एकाच पुस्तकासाठी.

आणि तेव्हापासूनच एक नियम आहे जो मला ह्या सगळ्यात सगळ्यात भारी वाटतो: पैसे लेखक आणि अनुवादक यांच्यात निम्मे-निम्मे. मानधनाचा तुकडा नाही, सरळ अर्धे. मुश्ताक यांच्या विजेत्या 'हार्ट लॅम्प' ह्या कथासंग्रहाचंच बघा, त्यांच्या सहा संग्रहांतल्या पन्नासेक कथांमधून बारा निवडल्या त्या अनुवादक दीपा भास्ती यांनी. इंग्रजीत कन्नड, उर्दू, अरबी शब्द तसेच ठेवले, तिरक्या टायपात नाहीत, खाली तळटीपही नाही, वाचणाऱ्याने आपलं आपण समजून घ्यावं.

टोमण्यात एक कण खरा आहे, तो मी नाकारणार नाही. लेखकाला स्वतः अर्ज करता येत नाही, पुस्तक प्रकाशकच पाठवतो, आणि तोही तिकडचा. 'रेत समाधि' हिंदीत २०१८ ला आली होती, पण डेझी रॉकवेल यांनी ती इंग्रजीत नेली आणि तिकडे छापली गेली तेव्हा कुठे ती परीक्षकांच्या टेबलावर पोचली. अडतं ते इथे. इंग्रजीत लिहायला कोणी सांगत नाही, चांगला अनुवादक मिळावा लागतो. आणि एवढ्या लांबलचक मेसेजमधे दीपा भास्ती हे नाव शोधलं मी, एकदाही नाही.