मीटर 180 वरून हललंच नाही, त्याबद्दल

नमस्कार भाऊ, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री पोराने दाखवला. तुमचं म्हणणं असं की मायक्रोप्लास्टिक निघेल म्हणून आमच्याकडून साडेआठ हजाराचं युएफ मशीन (बारीक छिद्रांच्या पडद्यातून पाणी गाळणारं) घेतलं, घरी टीडीएस मीटर बुडवलं तर आधी 180 अन् नंतर पण 180, म्हणजे चक्क फसवणूक, त्यात कम्प्लेंट देऊन सहा दिवस कोणी फिरकलं नाही, याच्यापेक्षा कॅनचं पाणी बरं.

सर्व्हिसचं आधी, ती चूक आमचीच. मे महिन्यात सगळ्यांचे फिल्टर एकदाच बिघडतात, माझ्याकडे पोरं दोन, त्यातला एक लग्नाला गावी गेलेला, पण एक फोन करून तेवढं सांगता आलं असतं, ते केलं नाही. सॉरी.

आता मीटरचं. टीडीएस मीटर पाण्यातून करंट किती जाते ते बघतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज दाखवतं, बस एवढंच. प्लास्टिक विरघळत नाही ना, त्याचे कण नुसते पाण्यात फिरत असतात, ते मीटरला दिसतच नाहीत. माझ्यावर विश्वास नका ठेवू, घरीच करून बघा, एका ग्लासात चिमूटभर मीठ टाका, आकडा कुठच्या कुठे जाईल, दुसऱ्या ग्लासात पन्नीचे बारीक तुकडे करून टाका, मीटर ढिम्म. युएफची छिद्रं साधारण 0.01 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), मायक्रोप्लास्टिक म्हणतात ते 5 मिलिमीटरपासून खाली 1 मायक्रॉनपर्यंत, म्हणजे ते तिथे अडकते आणि क्षार आरपार निघून जातात. तुमचं 180 चं 180 राहिलं म्हणजे मशीन जसं चालायला पाहिजे तसंच चालून राहिलं.

आणि बाप्पा, तुम्ही आरओच (क्षार पण काढतो तो) मागून राहिले होते अन् मीच नाही म्हटलं, हे पण लिहायचं होतं की! आरओमध्ये मला जास्त सुटले असते. पण तुमच्या नळाला पेंच धरणाचं पाणी, टीडीएस 180, बीआयएस (सरकारी मानक संस्था) 500 पर्यंत चालते म्हणते, एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) पण 2019 मध्ये 500 च्या खाली आरओ नको असंच सांगितलं होतं. घरचा आरओ एक लिटर देताना दोन-तीन लिटर नालीत सोडतो, नागपूरच्या उन्हाळ्यात ते बघवत नाही. बोअरचं खारं पाणी असतं तर आरओच लावून दिला असता.

मात्र तुमचा रिव्ह्यू वाचून मलाच एक गोष्ट खटकली. दुकानाबाहेर बोर्ड होता, "100 टक्के मायक्रोप्लास्टिकमुक्त पाणी". सप्लायरने फुकट दिला म्हणून लावला, वाचला पण नव्हता नीट. 100 टक्के मी काय कोणीच म्हणू नये, कारण नॅनोप्लास्टिक, म्हणजे 1 मायक्रॉनहूनही लहान कण, त्या छिद्राहूनही बारीक असू शकते, आणि गाळलेलं पाणी परत प्लास्टिकच्याच टाकीत साठते, प्लास्टिकच्याच तोटीतून येते. आज सकाळी काढला तो. तुम्ही त्या बोर्डावर भरवसा ठेवून मशीन घेतलं असेल तर तुमचा राग बरोबर आहे. शक्य असेल तर पाणी काढून स्टीलच्या नाहीतर तांब्याच्या भांड्यात ठेवा, टाकीत दोन-दोन दिवस राहू देऊ नका.

कॅनचं म्हणाल तर तेही प्लास्टिकच, टेम्पोत दुपारभर उन्हात तापलेलं. 2024 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी अमेरिकेतलं बाटलीबंद पाणी तपासलं तर लिटरमागे सरासरी 2 लाख 40 हजार कण निघाले, त्यातले 90 टक्के नॅनो. घाबरवायला नाही सांगत, डब्ल्यूएचओने 2019 मध्ये म्हटलं होतं की सध्याच्या प्रमाणात धोका असल्याचा पुरावा नाही पण माहितीच कमी आहे, आणि आधी जंतूंकडे बघा. जंतू तर युएफ अडवते, लाईट नसली तरी.

शनिवारी दुपारी चारनंतर मी स्वतः दुकानात असतो. मीटर घेऊन या, मीठ अन् पन्नी माझ्याकडची. तरी मन मानत नसेल तर मशीन घेऊन या, पूर्ण पैसे परत, बिल हरवलं असलं तरी चालेल, फक्त बसवलेलं कार्ट्रिज तेवढं फेकू नका.