दाढेच्या खड्ड्यात भरायच्या 'स्टेम सेल' येतात कुठून?

दाढ काढायची असेल तर आधी हे वाचा, असं सांगणारा एक संदेश सध्या फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: स्वतःचं थोडं रक्त काढून यंत्रात फिरवायचं आणि त्यातल्या स्टेम सेल, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या मूळ पेशी, दाताच्या खड्ड्यात भरायच्या. मग ड्राय सॉकेट (खड्ड्यातली रक्ताची गुठळी जाऊन हाड उघडं पडणं) कधीच होत नाही, हाड पहिल्यासारखं भरून येतं, सगळं आपलंच असल्याने अपाय शून्य. हाडांची औषधं चालू असलेल्यांनी किंवा जबड्याला रेडिएशन झालेल्यांनीही आता निर्धास्त दात काढावा.

दात काढणं हे माझं रोजचं काम आहे, आणि ही पद्धत मी स्वतः वापरते. त्यामुळे तिच्या नावावर काय काय खपवलं जातं आहे, ते पाहून गप्प बसवत नाही.

आधी स्टेम सेलबद्दल. या पद्धतीला पीआरएफ म्हणतात, म्हणजे प्लेटलेट-रिच फायब्रिन: रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी (प्लेटलेट) भरपूर असलेलं, गोठलेल्या रक्तातल्या तंतूंचं (फायब्रिनचं) जाळं. फ्रान्समधल्या जोसेफ शुक्रून यांनी २००१ मध्ये ती मांडली. त्याआधी, १९९८ मध्ये, रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्याच्या हाडासाठी पीआरपी (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, म्हणजे प्लेटलेट भरपूर असलेला रक्तातला पातळ भाग) वापरून दाखवलं होतं, पण त्यात रक्त न गोठवणारं औषध आधी घालावं लागे आणि गोठवणारं नंतर. शुक्रून यांनी दोन्ही वगळली. साध्या नळीत रक्त घेतलं, लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे वेगाने फिरवणाऱ्या यंत्रात, ठेवलं, की दहा-बारा मिनिटांत तीन थर पडतात: तळाशी लाल पेशी, वर पिवळसर पाणी आणि मध्ये जेलीसारखी फायब्रिनची गुठळी. ही मधली गुठळी चिमट्याने उचलायची, लाल भाग कापून टाकायचा, हलकेच दाबायची आणि खड्ड्यात बसवायची. बस, एवढंच.

त्या गुठळीत असतात प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी. प्लेटलेटला केंद्रकसुद्धा नसतं. ती विभागत नाही आणि तिची हाडाची पेशी कधीच होत नाही. तिचं काम वेगळं आहे: पेशींना हाक घालणारे, नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करणारे ग्रोथ फॅक्टर ती काही दिवस सोडत राहते. रक्तात मूळ पेशी असतात, पण इतक्या विरळ की एका नळीतून काढलेल्या गुठळीला स्टेम सेल उपचार म्हणणं ही रुग्णाची फसवणूक आहे. प्रत्यक्ष हाड बांधणाऱ्या पेशी येतात खड्ड्याच्या भिंतींतून, तिथल्या मज्जेतून आणि दाताभोवतीच्या तंतूंच्या उरलेल्या भागातून. त्या तुमच्याकडे आधीच आहेत, कुणी विकत द्यायची गरज नाही.

"ड्राय सॉकेट कधीच होत नाही." हे वाक्य मला फार खटकतं. दात काढल्यावर खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते आणि पुढची सगळी भरपाई तिच्यावरच उभी राहते. ती वेळेआधी विरघळली किंवा निघून गेली की हाड उघडं पडतं. साध्या दातांत हे शंभरातल्या एक ते पाच जणांना होतं, खालच्या अक्कलदाढेत काही अभ्यासांत तीसपर्यंत. पीआरएफ घातल्यावर अक्कलदाढेनंतरचं दुखणं आणि ड्राय सॉकेट दोन्ही कमी झाल्याचं काही अभ्यासांत दिसलं आहे, हे मी मान्य करते. पण ते अभ्यास लहान आहेत आणि प्रत्येकाची रक्त फिरवण्याची पद्धत निराळी. त्यांतून 'कमी' म्हणता येतं, तेही सांभाळून. 'कधीच नाही' कशातूनच निघत नाही. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या चुळा किंवा खड्ड्यात घालायची त्याची जेल यांचा पुरावा याहून भक्कम आहे, पण त्याबद्दल संदेशात अवाक्षर नाही. ड्राय सॉकेटचा धोका वाढवणाऱ्या सिगारेटबद्दलही नाही.

आणि 'कधीच नाही' यावर विश्वास ठेवलेला माणूस दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका गेला, तोंडाला घाण वास यायला लागला, तरी घरी वेदनाशामक गोळ्या घेत बसतो. खरं तर खड्डा धुऊन औषधाची पट्टी ठेवली की बहुतेकांना त्याच दिवशी उतार पडतो. अँटिबायोटिकचीही सहसा गरज लागत नाही.

हाड पहिल्यासारखं येतं का? नाही. दाढ किंवा उपदाढ काढल्यावर वर्षभरात हाडाच्या कडेची रुंदी सुमारे निम्म्याने घटते आणि त्यातली दोनतृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच होते, असं २००३ च्या एका नावाजलेल्या अभ्यासात मोजलं गेलं. कारण सरळ आहे: गालाकडच्या भिंतीतलं पातळ हाड दाताच्या आधाराने जगतं, दात गेला की तेही जातं. खड्ड्यात हाडाची भुकटी भरून ही घट कमी करता येते, थांबवता येत नाही. इम्प्लांट (हाडात रोवायचा कृत्रिम दात) बसवायचा असेल तर याचा विचार जरूर करा.

अपाय शून्य हेही खरं नाही. रक्त तुमचं असलं तरी सुई, नळी आणि हात निर्जंतुक असावे लागतात. जुन्या पीआरपीत गोठवण्यासाठी गाईच्या रक्तातलं थ्रॉम्बिन घालत आणि त्यामुळे काहींच्या शरीरात स्वतःच्याच रक्त गोठवणाऱ्या घटकाविरुद्ध प्रतिपिंडं तयार झाली होती.

आता तो शेवटचा दावा. जबड्याला रेडिएशन झालं असेल तर तिथल्या बारीक रक्तवाहिन्या कायमच्या कमी झालेल्या असतात आणि दात काढल्यावर हाडच मरू शकतं. ते टाळण्यासाठी बंद कक्षात जास्त दाबाखाली दिल्या जाणाऱ्या ऑक्सिजनवर वर्षानुवर्षं भिस्त होती. २०१९ मध्ये होपॉन नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले तेव्हा दिसलं की ऑक्सिजन दिलेल्या आणि न दिलेल्या गटांत फरक जवळजवळ नाही. तर्काला पटणारा उपायही तपासल्यावर असा फोल ठरतो, मग पीआरएफच्या भरवशावर 'निर्धास्त' कसं म्हणायचं?

बिस्फॉस्फोनेट आणि डेनोसुमॅब या हाडांच्या औषधांचंही तसंच. ही औषधं हाडाची झीज रोखतात, पण त्यामुळे जबड्याची दुरुस्तीही मंदावते. हाड उघडं पडून आठ आठवड्यांनंतरही झाकलं न जाण्याचा धोका ठिसूळ हाडांच्या गोळ्यांत फार थोडा, तर कर्करोगासाठी शिरेतून मोठे डोस घेणाऱ्यांत कितीतरी पट जास्त. तिथे पीआरएफ जोडीला वापरता येतं, पण धोका पुसला जात नाही. अशा रुग्णात मी आधी दात वाचतो का ते बघते. रूट कॅनाल करून, वेळ पडली तर वरचा भाग कापून मुळं तिथेच ठेवायची. काढावाच लागला तर हिरडी ताण न देता शिवायची आणि जखम झाकली जाईपर्यंत रुग्णाला पुन्हा पुन्हा बोलवायचं.

म्हणून चालू असलेल्या आणि पूर्वी घेतलेल्या सगळ्या औषधांची चिठ्ठी दात काढण्याआधी दंतवैद्याच्या हातात द्या. डेनोसुमॅबचं सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शनही त्यात लिहा, ते 'औषध' म्हणून बरेचदा आठवतच नाही. आणि घाबरून ते स्वतःहून बंद करू नका. डेनोसुमॅबचं इंजेक्शन लांबलं तर हाडं झपाट्याने ठिसूळ होतात आणि एकाच वेळी अनेक मणके मोडू शकतात. दात कधी काढायचा आणि पुढचं इंजेक्शन कधी घ्यायचं, हे दंतवैद्य आणि इंजेक्शन देणारे डॉक्टर यांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं असतं.