‘नाव बदललं की झालं’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. एकाच इमेजवरून (तयार मशिनच्या डिस्कच्या नकलेवरून) क्लोन केलेल्या विंडोज मशिनांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘रुसिनोविचने २००९ मध्येच एसआयडीचं भूत उतरवलंय. नाव बदललं की झालं. आधी स्वतः शिका, मग लोकांना शिकवा.’ (रुसिनोविच म्हणजे मायक्रोसॉफ्टचे मार्क रुसिनोविच; एसआयडी म्हणजे विंडोज मशिनला आणि खात्याला देतं तो ओळख क्रमांक.) तुमचं शेवटचं वाक्य कशासाठी? चूक दाखवा, दहादा दाखवा, पण अंगावर येऊ नका. मी १६ वर्षं लॅबच्या इमेज बनवतोय. शिकवणी लागलीच तर मागून घेईन.

एक चूक कबूल. कॉम्प्युटरचं नाव १६ अक्षरांपर्यंत चालतं असं मी लिहिलं होतं. नेटबायोस या विंडोजच्या जुन्या नावपद्धतीची मर्यादा १५ आहे. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ‘नाव बदललं की झालं’. लॅब-०१ चं लॅब-०२ करा, रीस्टार्ट करा आणि पीएसगेटएसआयडी हे एसआयडी दाखवणारं टूल चालवून बघा. ‘एस-१-५-२१’ नंतरचे तिन्ही मोठे आकडे जसेच्या तसे दिसतील, मूळ मशिनचेच. त्यांच्यापुढे ५०० लावलं की लोकल ॲडमिनिस्ट्रेटरचा एसआयडी होतो, म्हणजे तोही सगळ्या क्लोनवर एकच. नाव बदलल्याने यातलं काही हलत नाही.

रुसिनोविच यांचा मुद्दा असा होता की मशिनचा एसआयडी मशिनबाहेर ओळख म्हणून वापरलाच जात नाही, डोमेनमधल्या (एका सर्व्हरखाली जोडलेल्या मशिनांच्या गटातल्या) खात्याचा एसआयडी वेगळा असतो. म्हणून न्यूएसआयडी हे एसआयडी बदलणारं टूल त्यांनी बंद केलं. पण त्याच लेखात त्यांनी हेही लिहिलंय की सिसप्रेप (मशिन क्लोनसाठी तयार करणारं विंडोजचं टूल) इतरही मशिनपुरत्या खुणा नव्या करतं, आणि त्या सारख्या राहिल्या तर डब्ल्यूससला (मशिनांना विंडोज अपडेट वाटणाऱ्या सर्व्हरला) त्रास होतो, म्हणून क्लोनला सिसप्रेप हवंच. ससक्लायंटआयडी, म्हणजे डब्ल्यूसस मशिन ओळखतं ती खूण, एकच राहिला की डब्ल्यूससच्या यादीत अनेक मशिनांच्या जागी एकच दिसतं, कधी या नावाने, कधी त्या. हा परिच्छेद तुम्ही वाचलाच नाहीत, आणि शिकायला मला सांगताय!

शिवाय २००९ नंतर विंडोज बदललं. २९ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अपडेटनी विंडोज ११ च्या २४एच२, २५एच२ आणि सर्व्हर २०२५ मध्ये एसआयडीची तपासणी सक्तीची केली. सारखा एसआयडी असलेल्या दोन मशिनांमध्ये कर्बेरॉस आणि एनटीएलएम या ओळख पटवण्याच्या दोन्ही पद्धती अडतात. शेअर फोल्डर पासवर्ड मागतच राहतो, रिमोट डेस्कटॉप बरोबर पासवर्डही नाकारतो. लोक पासवर्ड बदलत बसतात, फायरवॉल बंद करतात. सिस्टिम लॉगमध्ये एलएसएएसआरव्हीचा ६१६७ क्रमांकाचा इव्हेंट शोधा, तिथे मशिन आयडी जुळत नसल्याचं स्पष्ट लिहिलेलं असतं.

करायचं ते एवढंच. मूळ मशिन डोमेनला न जोडता ऑडिट मोडमध्ये, म्हणजे युजर न बनवता, तयार करा (पहिल्या सेटअप स्क्रीनवर कंट्रोल-शिफ्ट-एफ३). बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) पूर्ण उतरवा. २४एच२ मध्ये एन्क्रिप्शन आपोआप सुरू झालेलं असू शकतं आणि मग सिसप्रेप थांबतं. मग ‘सिसप्रेप /जनरलाइझ /ओओबीई /शटडाऊन’ ही कमांड चालवा. अडलं तर सिसप्रेपच्याच पँथर फोल्डरमधला सेटअपॲक्ट लॉग शेवटाकडून वाचा. बहुतेकदा एका युजरपुरतं बसलेलं स्टोअर ॲप निघतं. ते काढा, पुन्हा चालवा. मशिन बंद झाल्यावर ते परत चालू न करता इमेज घ्या. नाव आणि डोमेन प्रत्येक क्लोनवर त्यानंतर.

पुन्हा लिहिणार असाल तर आधी तुमच्या दोन क्लोनचे एसआयडी इथे शेजारी शेजारी टाका.