फुकट बसण्याची कला

पणजीत फुकट बसायचे असेल तर आधी इस्त्रीचे कपडे घाला. काचेच्या इमारतीसमोर मोकळी जागा दिसते ना, झाडांच्या कुंड्या आणि मधोमध कारंजे असलेली? ती तुमच्यासाठीच आहे, फक्त तुमची नाही. कुंडीच्या कठड्यावर टेकताना हातात कॉफीचा कागदी ग्लास धरावा. रिकामा चालतो. मी एकच ग्लास तीन आठवडे वापरतोय, झाकण असल्याने कळत नाही.

रखवालदार येईलच. ‘‘सर, किसका वेट कर रहे हो?’’ ‘कोणाची नाही, वारा खातोय’ असे खरे उत्तर देऊ नका. सुशेगादपणा, म्हणजे गोव्याचा निवांतपणा, पर्यटनाच्या जाहिरातीत शोभतो, कठड्यावर नाही. ‘चौथ्या मजल्यावर मीटिंग’ म्हणा. (बिचाऱ्याला बारा तास उभे राहायचे असते. खुर्ची त्यालाही नाही.)

न्यूयॉर्कने 1961 सालीच हा सौदा कायद्यात बसवला: बिल्डरने खाली लोकांसाठी चौक सोडायचा आणि वर जादा मजले चढवायचे. मजले चढले. 2011 साली तिथल्या अशाच एका चौकात, झुकोटी पार्कमध्ये, आंदोलकांनी तंबू ठोकले, तेव्हा मात्र पंचाईत झाली. जागा खासगी, पण चोवीस तास खुली ठेवायची अट! त्यांना उठवायला दोन महिने लागले. अटी लेखी असल्या की असा मनस्ताप होतो.

आपल्याकडेही अट होती म्हणा. दोनापावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्याची वाट हॉटेलाच्या बांधकामाने अडली, लोक कोर्टात गेले आणि 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी करा म्हणून सांगितले. भिंत हलवण्यापेक्षा कायदा हलवणे हलके पडते, हे आपल्या सरकारला लगेच उमगले. भूसंपादनाच्या कायद्यातच दुरुस्ती झाली. तेव्हा समुद्रावर जाताना वाट विचारू नका, मेन्यू कार्ड मागा.

इतके करूनही बूड टेकायला जागा मिळाली नाही, तर सरळ फोंतेन्यास ही पणजीची जुनी वस्ती गाठा. रंगीत भिंतीचे एखादे घर निवडून त्याच्या पायरीवर ऐसपैस बसा. इथे कोणी ऑर्डर घ्यायला येत नाही. दारावर ‘फोटो काढू नये’ अशी पाटी असेल तर तीही फ्रेममध्ये घ्या, छान दिसते. पाठीमागचे दार उघडून एखादी म्हातारी पिशवी घेऊन बाजाराला निघाली, तर अदबीने सांगा, ‘‘आंटी, दोन मिनिटं आत थांबा, लाईट जातोय.’’