टूर म्हणजे शाळेतलं आगगाडीचं गणित नव्हे

जुलै आला की टूर द फ्रान्स या रोज एक टप्पा अशा सायकल शर्यतीबद्दल एक दावा फिरायला लागतो: "टप्प्याचं अंतर माहीत, चढ माहीत, सायकलला पायांचा जोर मोजणारा पॉवर मीटर. कोण किती वाजता पोचणार हे आता मिनिटापर्यंत आधीच सांगता येतं." जरा थांबा.

आधी अंतर भागिले सरासरी वेग. २०२५ ची टूर स्लोव्हेनियाच्या पोगाचारने ताशी ४२.८ किमीच्या सरासरीने जिंकली. त्याच टूरचा नववा टप्पा शिनों ते शातोरू, १७४.१ किमी. भागाकार केला तर चार तास चार मिनिटं येतात. टप्पा जिंकणारा टिम मेर्लिए पोचला ३ तास २९ मिनिटांत. रस्ता सपाट होता, मान्य. पण सपाट रस्त्यावर प्रत्येक वेळी ताशी ५० चा वेग निघत नाही! त्या दिवशी मात्यू व्हान डर पूल आणि योनास रिकार्ट सुरुवातीलाच घोळक्यातून सुटून पुढे गेले, आणि व्हान डर पूल हाती लागला तो थेट शेवटच्या किलोमीटरमध्ये. सुटलेले दोघं किरकोळ असते, तर मागचा घोळका गप्पा मारत आला असता. आयोजकही छापील वेळापत्रकात प्रत्येक गावापुढे एक वेळ देत नाहीत. तीन वेगांच्या तीन वेळा देतात.

पॉवर मीटरचं म्हणाल, तर पायांत किती जोर आहे ते तो सांगतो. तो आज लावायचा की राखायचा, हे संघ ठरवतो. सुटलेल्यांना फार लवकर गाठलं तर नवे हल्ले सुरू होतात, म्हणून घोळका मुद्दाम हात आखडता घेतो. हे कुठल्या वॅटमध्ये मोजणार?

"कोण किती वाजता" हा तर निव्वळ गोंधळ. घोळका एकसंध आला की शंभराव्यालाही पहिल्याचीच वेळ मिळते. डोंगरात मागे पडलेले स्प्रिंटर, म्हणजे सपाटीवर शेवटच्या झेपेत जिंकणारे, आपल्या ताकदीने नाही, मुदतीच्या हिशेबाने चालवतात; मुदत चुकली की शर्यतीतून बाहेर. आणि ती मुदत विजेत्याच्या वेळेवर ठरते.

शेवटचा लांब घाट आणि एकट्याने धावायची टाइम ट्रायल, इथे अंदाज बराच जमतो, हे कबूल. तरी २०२० चा विसावा टप्पा आठवा: ३६.२ किमी, शेवटी ला प्लांश दे बेल फीयचा चढ. प्रिमोझ रोग्लिच एकूण वेळेत पोगाचारच्या ५७ सेकंदांनी पुढे होता आणि टूर त्याचीच धरली जात होती. पोगाचारने त्याला एका टप्प्यात १ मिनिट ५६ सेकंदांनी मागे टाकलं. दुसरा आलेला टॉम ड्युमुलाँ, २०१७ चा टाइम ट्रायलचा जगज्जेता, तोही १ मिनिट २१ सेकंद मागे होता.