बाहुलीचं न्हाणीघर, एकास बारा

गोव्यात आपलं एक टुमदार घर असावं असं वाटत असेल आणि तुम्ही मूळचे गोव्यातलेच असाल, तर उगाच हळवं होऊ नका. सगळ्याला बारानं भागा. बाहुलीघराचं जगभर रूढ असलेलं माप एकास बारा, म्हणजे खऱ्या एका फुटाला एक इंच. लांबी बारानं घटते, रुंदीही बारानं घटते, म्हणून क्षेत्रफळ थेट 144 पटींनी खाली येतं. पर्वरीतला 100 चौरस मीटरचा फ्लॅट पाऊण चौरस मीटरच्या आत बसतो. जेवणाच्या टेबलावर आरामात मावेल. जमिनीचा झोन बदलून घ्यायला गोव्याच्या नगरनियोजन कायद्याचं कलम 39अ लागत नाही. टेबल आधीपासूनच सेटलमेंट झोनमध्ये, म्हणजे घर बांधायची मुभा असलेल्या जागेत आहे. तिथे तुम्ही आता जेवणार नाही, एवढाच काय तो पर्यावरणावर परिणाम.

सुरुवात न्हाणीघरापासून करा. हॉल, बेडरूम कुणीही करतं. आपल्या भातुकलीत चूल होती, जातं होतं, पाटा-वरवंटा होता, हौशी घरांत पितळेचा चिमुकला बंबही असायचा. पण त्या बंबातलं पाणी नेऊन ओतायचं कुठे, हे कुणी विचारलं नाही. बाहुला-बाहुलीचं लग्न थाटात लागायचं, वऱ्हाड पोटभर जेवायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ही सगळी मंडळी कुठे जायची, देव जाणे. ही पिढ्यान्‌पिढ्यांची कुचंबणा दूर करण्याचं काम नियतीनं तुमच्यावर सोपवलं आहे.

घरचे हसतील. त्यांना लुटियन्सचं नाव सांगा. इंग्लंडच्या मेरी राणीसाठी 1921 ते 1924 या काळात एकास बारा मापाचं बाहुलीघर उभं राहिलं. त्यात वीज होती, लिफ्ट होती, नळाला गरम-गार पाणी होतं आणि फ्लशही चालायचा. आराखडा एडविन लुटियन्सचा. नवी दिल्ली आखणाऱ्यांतला तोच हा. म्हणजे एकीकडे साम्राज्याची राजधानी आणि दुसरीकडे बाहुलीचा कमोड, दोन्ही फायली एकाच माणसाच्या टेबलावर. आज त्याच दिल्लीतले लोक आसगावात घरं घेतात. तुम्ही त्यांना विकायचं काही उरलेलं नसेल, तर निदान त्यांच्या शहराच्या शिल्पकाराचा उद्योग तरी उचला.

टब हवाच. तुमच्या खऱ्या घरात भाण (पाणी तापवायचं तांब्याचं भांडं), बादली आणि तांब्या यांवर तीन पिढ्या न्हाल्या असतील, म्हणून बाहुलीनंही तसंच न्हावं असं थोडंच आहे? पाच फुटी टब पाच इंचांचा होतो. थर्माकोल कोरा, त्यावर एम-सीलचा पातळ थर द्या, वाळला की पॉलिशपेपरनं घासा, मग पांढरा ऑइलपेंट. घाई असेल तर एम-सील गाळा आणि थिनर घातलेला रंग थेट थर्माकोलला लावा. टब डोळ्यांदेखत आत आत बसत जातो आणि ज्या खोलीला अजून दारही नाही तिथे एक विहीर तयार होते.

बेसिन त्यापेक्षा सोपं. फेणीच्या बाटलीचं झाकण उलटं ठेवलं की हल्ली हॉटेलांतून असतं तसं ओट्यावर बसणारं गोल बेसिन तयार. झाकणासाठी बाटली संपवावी लागते. हा कच्च्या मालाचा प्रश्न आहे, त्याकडे त्याच दृष्टीनं पाहावं. नळासाठी कानातल्याचा हुक उत्तम. गरम आणि गार असे दोन लागतात, त्यामुळे घरातल्या कुणाचं एकच कानातलं हरवलं असं होत नाही, जोडी जाते.

कमोडची खरी उंची 40 सेंटीमीटर धरली तर बाहुलीचा साडेतीन सेंटीमीटरच्या आत बसवावा लागतो. इंटरनेटवरचे कारागीर शेजारी 8-9 मिलिमीटर रुंदीचा कागदाचा रोल टांगतात. त्यांची बाहुली, त्यांचे संस्कार. आपल्या बाहुलीला जेट-स्प्रे द्या. जुन्या चार्जरच्या वायरचा तुकडा, टोकाला टाचणीचं डोकं, अडकवायला स्टेपलरची एक पिन. इतक्या लहान गोष्टीवर तुम्ही रविवारची अख्खी दुपार घालवाल आणि कधी नव्हे ते जाणवेल की वायर नीट लोंबत नाहीये. खऱ्या जगात जेट-स्प्रेची नळी जडपणानं खाली येते. बाहुलीच्या जगात ती ताठ उभी राहते, कारण मापं बारानं लहान झाली तरी वायरचा ताठपणा त्या हिशोबानं कमी होत नाही. आत बारीक तांब्याची तार घालून वळवा. हे करताना बाहेर तुमच्या खऱ्या न्हाणीतला नळ ठिबकत असेल. ठिबकू दे. प्लंबर ‘फाल्यां येतां’, उद्या येतो, म्हणालाय ना?

पाण्याच्या बाबतीत मात्र लुटियन्सशी बरोबरी करू नये. घनफळ 1728 पटींनी घटतं. 20 लिटरची बादली साडेअकरा मिलिलिटरची होते, म्हणजे खोकल्याच्या औषधाचे दोन चमचे आणि वर थोडं. इथवर ठीक. पण थेंब काही आपल्यासाठी लहान होत नाही. ड्रॉपरमधून पडणारा साधा थेंब बाहुलीच्या मापात लिंबापेक्षा मोठा असतो. शॉवर सोडला तर बिचारीवर लिंबांचा वर्षाव होईल. म्हणून टबात पाण्यासारखं दिसणारं पारदर्शक रेझिन ओततात, आणि ते तुम्ही नेमकं जुलैत ओतणार. हवेतल्या दमटपणानं वरचा थर दुधाळ आणि चिकट राहतो. पाहुण्यांना साबणाचा फेस म्हणून सांगा. आरशाभोवती फेविक्विक वापरलंत तर त्याच्या वाफेनं काचेवर पांढरी झाक येते. ती गिझरची वाफ.

भिंतींना अर्थातच आझुलेज, म्हणजे पोर्तुगीज धाटणीच्या रंगवलेल्या टाइल्स. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेत जाऊन निळ्या टाइल्सचे फोटो काढा, चौदा सेंटीमीटरची टाइल बारा मिलिमीटरची करून छापा. इंकजेटची शाई गोंदाच्या ओलाव्यानं फुटते आणि गलबत समुद्रात विरघळतं. याला हेरिटेज म्हणतात. खिडकीला शिंपल्याची तावदानं लावा, जुन्या घरांना असतात तशी. मात्र त्यासाठी चिखलीच्या खाडीत उतरू नका. ती शिंपली कायद्यानं संरक्षित आहे आणि बाहुलीची खिडकी हे काही कोर्टात टिकणारं कारण नाही. पाडलेल्या घराच्या भंगारात तुटकं तावदान मिळतं. पाडलेल्या घरांचा तुटवडा तूर्त नाही.

राहिली मुलगी. हे सगळं तिच्यासाठी चाललं आहे असं सर्वांना सांगितलेलं असतं, त्यामुळे एकदा तरी तिला दाखवावंच लागतं. ती आपली बार्बी घेऊन येईल. बार्बी एकास सहाची. ती या टबात बसली तर गुडघे हनुवटीला लागतात आणि एक हात कायम बाहेर राहतो. ‘बाबा, हिला न्हाऊ घालू?’ म्हणत पोरगी खरा मग भरून आणेल. तिला प्रेमानं समजवा की बाहुलीघर खेळायचं नसतं. हट्ट करू लागली तर कुंकळ्ळीचा लाखकामाचा पाळणा किंवा सावंतवाडीची लाकडी भातुकली आणून द्या. ती दणकट असते आणि तिच्यात कमोड नसल्यामुळे तुमची मक्तेदारीही शाबूत राहते.

काम पुरं झालं की फोटो काढा. फोटोत बोट, नाणं, काडेपेटी, काही म्हणजे काही येऊ देऊ नका. डाव्या बाजूनं उजेड घ्या, शिंपल्याच्या खिडकीतून तो छान झिरपतो, आणि ‘पोर्तुगीजकालीन न्हाणीघर, नुकतंच दुरुस्त केलेलं’ एवढं लिहून स्टेटसला टाका. संध्याकाळपर्यंत एखाद्या दलालाचा फोन येईल. गाव कुठलं, कागदपत्रं साफ आहेत का, मुंडकाराची (मालकाच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या, कायद्याचं संरक्षण असलेल्या माणसाची) भानगड नाही ना, मालक किती म्हणतो. सगळ्याची खरी उत्तरं द्या. जागा शोकेसच्या दुसऱ्या कप्प्यात आहे, कागद साफ आहे पण थोडा फुगलाय, मुंडकार म्हणून कोपऱ्यात एक झुरळ असतं आणि ते मुंडकार कायद्याची भाषा करत नाही. पार्किंग विचारलं, तर खाली चपलांच्या शेजारी दोन गाड्या उभ्या राहतात म्हणून सांगा.