इथेनॉल ठीक, पण पाणी कुठून आणणार?

खनिज तेलाच्या पर्यायांवरच्या तुमच्या लेखात इथेनॉललाच (ऊस, मळी वगैरेंपासून केलेलं, पेट्रोलमध्ये मिसळायचं अल्कोहोल) तेलाचा खरा पर्याय म्हटलंय, ते पटलं नाही. पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचा टप्पा २०२५ मध्ये गाठला, परकीय चलन वाचलं, साखर कारखान्यांच्या हातात पैसा खेळू लागला, हे मान्य. पण लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच. आणि ऊस म्हणजे पाणी! २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. पाऊस कमी झाला तेव्हा, डिसेंबर २०२३ मध्ये, सरकारलाच उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणावे लागले.

आमच्याकडे डिझेल खरं वाचवलं ते सौर पंपाने. पूर्वी कॅन घेऊन पेट्रोल पंपावर जा, हँडल मारून इंजिन चालू करा, धूर खा. नाहीतर रात्री लाइट येईल तेव्हा हातात टॉर्च घेऊन दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जा, विंचूकाट्याची भीती वेगळीच. आता ऊन चढलं की विहिरीवरची मोटर सुरू. आभाळ आलं की धार बारीक होते, हे खरं. पण राज्य सरकारच्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत पंपाच्या किमतीत शेतकऱ्याचा हिस्सा जास्तीत जास्त १० टक्के आहे, त्याबद्दल लेखात एक ओळही नाही. इथेनॉल मळीपासून, म्हणजे साखर काढून उरलेल्या काकवीसारख्या द्रवापासून, जरूर करा, त्यासाठी दुष्काळी तालुक्यात नवा ऊस लावायला सांगू नका.